तिची सही पुरेशी आहे

४ जून

वहिनीबाई,

तिकीट परत आलं. तिसऱ्यांदा. तिकिटं काढून देणारी मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या वहिनींशी भांडण आहे का?" मी म्हटलं, भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला तरी आली असती.

एका बाकावर शिकलो आपण. माझ्या डब्यातलं अर्धं तू खायचीस, आणि पुढे माझा भाऊ तर अख्खाच घेतलास. तेव्हा मला वाटलं होतं की मैत्रीण घरात आली, आता दुसरं काय हवं. आणि गेल्या वर्षी आले तर तू स्वयंपाकघराच्या दारात, त्या रेक्झिनच्या स्टुलावर. सोफा रिकामा. मी जवळ आले की तुला चहा ठेवायचं आठवायचं. गळ्यात पडायला गेले तर हात लांब करून खांदे धरलेस, वर्गातल्या मळक्या पोराला धरावं तसे. अख्ख्या घराला फिनेलचा वास. बेल वाजली की दादा उठणार आणि दारातूनच सांगणार, "ती झोपली आहे." आणि तू आत टक्क जागी.

काय चाललंय ते सांग म्हणणार होते, पण नको. मला डोळे आहेत. बाळ पोटातच गेलं त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर तू शाळेतली नोकरी सोडलीस, लग्नाकार्याला जाणं सोडलंस, माझ्याकडे येणं तर कधी धरलंच नाहीस. पाणीखात्यातला तो माझा साधाभोळा दादा घरात काय आहे हे मला आता दिसायला लागलंय. बायकांच्या हक्कांच्या या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अशी घरं पुष्कळ पाहिली आहेत, आपल्याच घरात बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

असो. कामाचं सांगते, तुला आवडेल. बाळंतपणात अडकून ज्या बायकांना आतून जखम होते, लघवी सतत गळत राहते, त्यांच्यासाठी इकडचे काही देश मिळून दर थंडीत सर्जनांचं पथक पाठवतात. आपल्याकडेही येतं, तुमच्या मोठ्या इस्पितळात. त्याचा करार संपलाय आणि नव्याचा मसुदा माझ्याकडे आलाय. जुन्यात लिहिलंय की शस्त्रक्रियेला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागेल. मी ते खोडलं आणि लिहिलं, "तिची सही पुरेशी आहे." नोकरीत आल्यापासून हे एक वाक्य लिहायची वाट पाहत होते.

तुला आई आठवते का? तू आमच्याकडे यायचीस तेव्हा ती असायची. तिला शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घ्यायचं होतं आणि बाबा परगावी. सही करणारा पुरुष नाही म्हणून सगळे थांबले. मी बाहेर बाकावर होते. दादा आत होता, मूग गिळून उभा. बाबा पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता मी कुणाला थांबू देणार नाही.

उत्तर दे. आणि स्वतःच्या मनाने दे, कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझी नणंद

०

२ जुलै

वन्सं,

पत्र पोचलं. कुणाला वाचून दाखवलं नाही, तुझा भाऊ स्वतःच मागत नाही. त्याला वर्तमानपत्रातले मथळेसुद्धा मीच सांगते. एवढा धाक आहे बघ माझ्यावर.

तू उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि तो उंटही परदेशातला. शाळा मी माझ्या मनाने सोडली. दिवसभर उभं राहून पन्नास पोरांवर ओरडायचं त्राण राहिलं नाही. आता घरी मशीन आहे, शाळेचे गणवेश शिवते. म्हणजे पोरं सुटली तरी त्यांच्या चड्ड्या काही सुटल्या नाहीत. स्टुलाचं म्हणशील तर शिवणाऱ्या बाईला पाठ टेकायची सवय राहत नाही. शिवून शिवून हल्ली कंबरेची एक बाजू धरते, बाकी ठणठणीत.

दादाला बोलू नकोस. तुला सांगून पटणार नाही, पण तो ज्या प्रकारचा माणूस आहे तसा तुझ्या फायलीत अजून आला नसेल.

तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. आई आठवतात. माझ्या वेणीची रिबन त्याच बांधायच्या. त्यांच्यासाठी तरी ते वाक्य टिकू दे.

आणि तिकिटाचं ऐक. या थंडीत माझं इथे एक काम आहे. ते नीट पार पडलं की मी येते, तू न बोलावता येते. तुझ्या त्या पांढऱ्या सोफ्यावर, जो मी फक्त फोटोत पाहिलाय, पाय पसरून बसते. मग कंटाळशील.

तुझी वहिनी

०

११ सप्टेंबर

ताई,

नेहमीप्रमाणे साध्या पाकिटातून पाठवते आहे, वर इस्पितळाचं नाव नाही. आपल्या वॉर्डातल्या सगळ्याच बायकांना मी असंच लिहिते, त्यामुळे पोस्टमन मला कुणाची तरी लांबची मावशी समजतो.

तपासणीचं सांगते. दोनदा इथे टाके घालून उसवले, तेव्हा ती जखम आमच्या डॉक्टरांच्या हातची नाही, हे आधीच ठरलं होतं. आता सोनोग्राफीत दिसतंय की एका बाजूची लघवीची नळी जुन्या व्रणात आवळली आहे आणि त्या बाजूची किडनी सुजली आहे. तुमची कंबर शिवणामुळे धरत नाही. पथकातल्या मोठ्या सर्जनबाई हे काम करतात, नळी आणि जखम एकदम. तुमचं नाव पहिल्या आठवड्यात धरलं आहे. या थंडीत व्हायलाच हवं, पुढे ढकलण्यासारखं नाही.

आणि पाणी प्या. गळतं म्हणून तुम्ही सगळ्या पाणी तोडता, आणि मग आणखी जळतं, वास वाढतो, किडनीवर येतं. यजमानांना सांगा, ते तरी ऐकतात. मागच्या वेळी ते तुमच्या चादरी पिळत होते, तेव्हा वॉर्डाच्या मागच्या नळावर बाकीच्या बायका त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या.

आता अडचणीचं. करारावर सह्या झालेल्या नाहीत. कुठे माशी शिंकली ते आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. सहीच्या त्या एका ओळीवर. आपलं मंत्रालय म्हणतं, पुरुषाची सही हवीच. तिकडचं ऑफिस म्हणतं, मग पथक निघणार नाही. ती ओळ लिहिणारी तुमची नणंद आहे असं तुम्हीच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं. ताई, त्यांना लिहा. तुमचे यजमान सही करायला एका पायावर तयार आहेत. यंदा जुन्या नियमाने होऊ दे म्हणावं.

आपल्या वॉर्डातली धाकटी अजून इथेच आहे. बाहेरच्या व्हरांड्यात झोपते. तिच्या नवऱ्याने टाकली, वडील म्हणतात आम्हाला मुलगी नव्हतीच. गेल्या थंडीत तिला टेबलापाशी नेऊन परत आणली, सही नव्हती म्हणून. पथक कधी येणार, असं ती मला रोज विचारते.

वॉर्डची सिस्टर

०

१८ सप्टेंबर

सिस्टर,

पाणी पिते आहे. तुमचा निरोप यजमानांना दिला ही चूक झाली, आता तांब्या घेऊन मागे फिरतात. दिवसभर वस्तीतल्या नळांची गळती काढायची आणि घरी येऊन ही, असं त्यांचं नशीब. मी असं म्हटलं की रागावतात.

नणंदेला लिहीन, पण माझं नाव घालून नाही. तुम्ही म्हणाल, ताकाला जाऊन भांडं का लपवता. तिला तुम्ही ओळखत नाही. तिला कळलं तर ती पहिल्या विमानाने येईल, मला मिठी मारेल, आणि मला त्या क्षणी तिचं नाक दिसेल. आवरून धरलेलं. घरात कुणी आलं की मी माणसांच्या तोंडाकडे बघतच नाही, नाकाकडे बघते. शाळेत पोरांनी खिडक्या उघडायला सुरुवात केली त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. जगात एकच जण आहे जिला मी अजून ती जुनी, बाकावरची वाटते. तेवढी एक जागा मला हवी आहे. आणि दुसरं म्हणजे ती मला भाषणात घालेल. प्रेमानेच घालेल, पण घालेल.

आणखी एक. लिहायला बसले की धाकटी समोर येते. माझी सही करायला माणूस आहे म्हणून ती ओळ पुसा असं कोणत्या तोंडाने लिहू? माझं होईल आणि ती पुन्हा व्हरांड्यात. तरी लिहिते. मला बरं व्हायचंय हो. मला एकदा कोरड्या चादरीवर उठायचंय.

तुमची,
गणवेशवाली

०

२० सप्टेंबर

वन्सं,

तुझ्या कराराचं घोडं अडलंय असं ऐकलं. इकडे इस्पितळात माझी एक ओळखीची आहे, तिच्याकडून कळलं.

मी शाळामास्तरीण, मला राजकारण कळत नाही, पण एक गणित घालते. समज, एक बाई आहे. तिला या थंडीत शस्त्रक्रिया हवीच आहे. तिचा नवरा भला आहे, पेन घेऊनच बसलाय. तिच्या दृष्टीने त्या ओळीत काय लिहिलंय याने काही फरक पडत नाही. पथक आलं की ती वाचते, नाही आलं की नाही. मग यंदा जुन्या नियमाने होऊ दे आणि पुढच्या वर्षीपासून नव्याने, असं करता नाही येणार?

मला माहीत आहे की अशाही बायका आहेत ज्यांना सही द्यायला कुणी नाही. त्यांचं काय, हे तू विचारशील. मी फक्त त्या पहिल्या बाईबद्दल विचारते आहे. तिचाही विचार कर, एवढंच.

तुझी वहिनी

०

९ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी खोलीचं दार लावून बसले.

"यंदा जुन्या नियमाने, पुढच्या वर्षी नव्याने." अगदी याच शब्दांत तुमच्या मंत्रालयाचे साहेब गेल्या आठवड्यात बोलले. गोड हसून. सगळे देश तयार झाले होते, सगळ्यांना घरी जायची घाई. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण मसुदा माझा. मी म्हटलं, नाही. हे पुढचं वर्ष कधी येत नसतं. एकदा जुन्या नियमावर पथक गेलं की ती ओळ फाईलमध्येच म्हातारी होईल. यंदा थांबू, पण जाऊ तेव्हा तिच्या सहीवर जाऊ. आणि त्यांनी माझं ऐकलं. एवढ्या मोठ्या टेबलावर पहिल्यांदा माझा शब्द चालला. तेव्हा मला आईची फार आठवण आली.

आणि घरी आले तर तुझं पत्र. परक्याने लिहिलं असतं तर हसून सोडलं असतं. ही भाषा तुझी नाही, वहिनी. "नवरा भला आहे, पेन घेऊनच बसलाय." पेन घेऊन बसलेल्या नवऱ्यांचीच मला भीती वाटते. आज सही करायला बसलाय, उद्या न करायलाही तोच बसणार. हे तुला दादाने सांगितलं का? की त्याच्यासोबत राहून तुलाही आता असंच वाटायला लागलं? पूर्वी गुरुजींनी मुलींना कवायतीतून बाहेर काढलं तेव्हा मैदानात ठाण मांडून बसणारी तू. तुझ्यामागे मी बसले होते, हे विसरलीस का?

तुझ्या गणितातल्या बाईला सांग, एक वर्ष कळ काढ. एवढी वर्षं काढलीस, आणखी एक. तुझ्या लेकीला ही कळ काढावी लागणार नाही.

राग मानू नकोस. थंडीतलं तुझं काम झालं का ते कळव. मी वाट बघते आहे.

तुझी नणंद

०

३ डिसेंबर

ताई,

यंदा पथक नाही. पक्कं झालं.

ताप आला तर घरी काढू नका, लगेच या. पाठीतून नळी घालून किडनीवरचा ताण थोडा कमी करता येतो का, ते आमचे डॉक्टर बघतील. धाकटीने तुमच्यासाठी उशीचे अभ्रे शिवले आहेत, वाकडे आहेत, चालवून घ्या.

वॉर्डची सिस्टर

०

१४ मे

वहिनी, सह्या झाल्या.

सगळ्यांच्या. तुमचे साहेबसुद्धा शेवटी वाकले. ती ओळ जशीच्या तशी आहे, एक अक्षर बदललं नाही. नोव्हेंबरअखेर पथक निघेल. मी ऑफिसात उभ्याउभ्या रडले आणि माझ्या हाताखालच्या मुलीने मला खुर्ची आणून दिली.

माझ्या ऑक्टोबरच्या पत्रानंतर तू लिहिलं नाहीस. मी फोन केला की दादा उचलतो आणि "ती झोपली आहे" म्हणतो. मी मागच्या पत्रात जास्त बोलले असेन. बोलले, कबूल. पण बघ ना, झालं की नाही? एक वर्ष नुसतं.

तुझ्या गणितातल्या त्या बाईला सांग.

तुझी नणंद

०

७ जानेवारी

चिमणे,

मी कधी पत्र लिहीत नाही. चुका असतील तर सांभाळून घे.

ती बाई तुझी वहिनीच होती.

बाळाच्या वेळी ती फार वेळ अडली, तेव्हापासून तिची लघवी थांबत नाही. सहा नाही, आता साडेसात वर्षं. ती स्टुलावर बसते कारण रेक्झिन पुसता येतं. तुझ्या गळ्यात पडली नाही कारण तुला वास येईल. दारात मी "ती झोपली आहे" म्हणायचो कारण तिनेच तसं सांगायला लावलं होतं. तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. मी पाळली. मी मोडायला हवी होती, हे आता रोज वाटतं.

गेल्या थंडीत तिचं नाव पहिल्या आठवड्यात होतं. पथक आलं नाही. मार्चमध्ये ताप चढला. पाठीतून नळी घातली, ती पिकली, काढावी लागली. मग बराच काळ तिला घरात उभंही राहवत नव्हतं. पथक डिसेंबरात आलं. त्या मोठ्या सर्जनबाई फार चांगल्या आहेत. त्यांनी सगळं दुभाष्यावर सोडलं नाही, स्वतः चित्र काढून मला समजावलं. एक किडनी मेली आहे. दुसरी अर्धीच चालते. आता भूल देऊन एवढी मोठी शस्त्रक्रिया केली तर ती टेबलावरून उठायची नाही. एक वर्ष आधी आले असते तर, असं त्या म्हणाल्या आणि चित्राचा कागद माझ्या हातात दिला. मी त्यांना तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही.

डायलिसिस लवकरच लागेल म्हणतात. जखम तशीच राहणार.

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तू जे लिहिलंस ते बरोबर आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वॉर्डात एक मुलगी आहे, सगळ्या तिला धाकटी म्हणतात. तिची सही कुणी केली नसती. तिने स्वतः केली. शस्त्रक्रिया झाली, आता कोरडी आहे. तुझ्या त्या ओळीमुळे. तुझ्या वहिनीनेच तिला महिनाभर आपलं नाव गिरवायला शिकवलं होतं, खाटेवर पडल्यापडल्या.

पण एक सांगायचंय, ते सांगतो आणि संपवतो. तू वहिनीला लिहिलं होतंस की आईच्या वेळी मी मूग गिळून उभा होतो. ते पत्र मी उशीखाली पाहिलं. तू बाहेर बाकावर होतीस, तुला दिसलं नाही. मी त्या डॉक्टरांना म्हटलं होतं की मी करतो सही. अकरा वर्षांचा होतो. माझ्या दप्तरातलं पेन काढलं. ते हसले. एकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू मोठा झाल्यावर कर.

या वेळी मी मोठा झालो होतो गं. ती फक्त तुझी आई नव्हती.

दादा

०

२१ जानेवारी

वहिनी,

दादाचं पत्र आलं. काय लिहू?

मीच त्या बाईला सांगितलं होतं, एक वर्ष कळ काढ. हे वाक्य मी जेवताना ऐकते, जिना चढताना ऐकते. ते टेबल, ती अध्यक्षबाई, माझं ते "नाही". मी पुन्हापुन्हा त्या खोलीत जाते आणि दरवेळी बाहेर येताना मला कळत नाही की काय म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर ती मुलगी राहिली असती. नाही म्हटलं तर तू. मी तुला ओळखलं असतं तर हो म्हटलं असतं. लाज वाटते, पण हेच खरं आहे. धाकटीचा विचारही केला नसता.

मी इथल्या इस्पितळात चौकशी केली आहे. मोठे डॉक्टर आहेत, किडनीचे वेगळे, जखमेचे वेगळे. तुला इकडे आणते. व्हिसा, विमान, सगळं बघते. हे वरातीमागून घोडं आहे ते मला कळतंय. तरी येशील का? नाहीतर मी येते. येऊ का एवढं सांग. नको म्हणालीस तर तेही बरोबर आहे.

मला शिव्या घाल, वहिनी. गप्प बसू नकोस.

तुझी नणंद

०

१० फेब्रुवारी

वन्सं,

शिव्या घालायला त्राण लागतं, ते आठवड्यातून एखाद्या दिवशी असतं. आज आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या डॉक्टरांना माझे कागद दाखव हवं तर. पथकातल्या सर्जनबाईंनी दाखवायचे तिथे दाखवले आहेत, उत्तर तेच आलं. विमानात मला बसवणार कशी? शेजारी कुणाला बसवणार?

तुझं चुकलं असं मला म्हणता येत नाही. धाकटी परवा आली होती. चालत आली, पांढरा झगा घालून. पांढरा, बघ. आल्या आल्या सोफ्यावर बसली आणि उठताना मागे वळून सोफा बघितला, सवयीने. कोरडा होता. मग आम्ही दोघी रडलो, ती तिच्यासाठी, मी कुणासाठी ते मला सांगता येत नाही. ते वाक्य तू पुसलं असतंस तर ती पोरगी आज व्हरांड्यात असती. हे मला कळतं. मैदानात ठाण मांडणारी मी अजून मेलेली नाही.

पण तुझं चुकलं नाही असंही म्हणवत नाही. राग येतो. भांडी आपटावीत असा येतो. मी लपवलं, ते माझं. त्याची किंमत मी देतेच आहे. पण तू मला तीन तिकिटं पाठवलीस आणि एकदाही विचारलं नाहीस की स्टुलावर का बसतेस. तू कारण ठरवूनच टाकलंस. जगातल्या सगळ्या बायकांचं तुला कळत होतं, म्हणून माझं विचारायची गरज वाटली नाही. आणि मी गणित घातलं तेव्हा तुला माझ्या तोंडात तुझ्या भावाचा आवाज ऐकू आला. सात वर्षं ज्याने माझ्या चादरी धुतल्या, त्याचा. वॉर्डात इतक्या बायका आहेत, एकीच्याही चादरी नवऱ्याने धुतलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्याची माफी आधी माग. माझं नंतर बघू.

माफ केलं असं मी आज लिहिणार नाही. खोटं होईल. कदाचित होईल, कदाचित तेवढा वेळ मिळणार नाही. मला मरायची भीती वाटते, वन्सं. हे तुझ्या भावाला सांगता येत नाही, तो लगेच तांब्या भरून आणतो. तुला सांगता येतं. अजूनही तुलाच सांगता येतं, याचाही राग येतो.

म्हणून ये. औषधं आणू नकोस, डॉक्टर आणू नकोस, भाषणात घालू नकोस. आलीस की बॅग दारात ठेव. मी स्टूल माळ्यावर टाकायला सांगितलं आहे, सोफ्यावर बसेन. माझ्या शेजारी बस, अगदी लागून, बाकावर बसायचो तशी.

वास येईल. उठू नकोस.

तुझी वहिनी